मळ्यात लग्नं घ्यायची तर पाहुण्यांचा आकडा मळ्यालाच ठरवू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याजवळ ११ एकरांचा वडिलोपार्जित मळा, त्यात धाब्याचा म्हणजे सपाट मातीच्या छताचा दुमजली वाडा, दगडी विहीर, मोटेचं पाणी पडायचं थारोळं, चिंचा आणि आंबे. धाकट्या भावाला लॉन करून दोन हजार पाहुण्यांची लग्नं घ्यायची आहेत. अण्णांना मळ्याचं मंगल कार्यालय झालेलं बघवणार नाही. आणि आधी परवानगीच्या मागे लागावं की दुरुस्तीच्या, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो आणि खानदेशातल्या मळ्यांवर समारंभांची आखणीही करतो. माझं सांगणं असं की दोन्हींच्या आधी पाहुण्यांचा आकडा ठरवा. तो विहीर, रस्ता आणि माती यांना विचारून ठरतो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तो पाचशे-सहाशेच्या पुढे जाईल असं मला वाटत नाही, आणि तेवढ्यावर हा धंदा चांगला चालू शकतो.

सुरुवात पाण्यापासून करू. विहीर शाबूत आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तिला मे महिन्यात पाणी असतं का ते लिहिलेलं नाही. यावल, रावेर, चोपडा या तापीच्या उत्तरेकडच्या गाळाच्या पट्ट्यात भूजल इतकं खोल गेलं आहे की कित्येक जुन्या विहिरी कोरड्या पडल्या आणि केळी ट्यूबवेलवर आली. तुमचाही मळा ट्यूबवेलवर असेल, तर लग्नाचं पाणी आणि पिकाचं पाणी एकाच नळीतून येणार. स्वयंपाक, भांडी, हात धुणं, संडास-बाथरूम असं सगळं धरून मी एका पाहुण्यामागे ३० लिटर पकडतो. सहाशे पाहुणे म्हणजे १८ हजार लिटर, दोन हजार म्हणजे ६० हजार. हे झालं एका दिवसाचं.

आता लॉनचं पाणी बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना हिरवळ जगवायला रोज किमान सहा मिलिमीटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. हिशेब केला तर २४ हजार लिटर, आणि तेही रोज, लग्न असो नसो. ठिबकवर उन्हाळ्यात केळीच्या एका खोडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास देतात. म्हणजे एक एकर लॉनच्या पाण्यात बाराशे खोडं जगतात. भावाला हे गणित कागदावर मांडून दाखवा. लॉन हा पुण्या-नाशिकच्या कार्यालयांतून आलेला सोस आहे, आपल्या उन्हाला तो मानवत नाही. तुमच्या मळ्यात खळ्याची जागा असणारच. ती मोकळी करा, मुरूम टाकून रोलर फिरवा, समारंभाच्या आदल्या दिवशी शेणसडा घाला. पंगत, मांडव, हळद सगळं त्यावर होतं. फोटोतही ते खळं खानदेशातलंच दिसतं.

लॉनला माझा विरोध पाण्यापुरता नाही. तुमची माती खोल काळी असणार. ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. जुन्या घराचं जोतं त्याच मातीत उभं असतं, आणि वर्षानुवर्षांच्या पावसाळ्या-उन्हाळ्याशी त्याचा एक मेळ बसलेला असतो. भिंतीला लागून रोज पाणी सोडलं की एका बाजूची माती बारमाही फुगलेली राहते, दुसरी बाजू सुकते, आणि घर तिरकं ओढलं जातं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर चढत जाणारी तिरपी भेग मी ज्या ज्या वाड्यात पाहिली, तिथे आधी बाहेर नव्याने केलेला बगिचा शोधतो. वाड्याच्या चहूबाजूंनी दहा-बारा फूट जागा कोरडी ठेवा आणि पावसाचं पाणी लांब जाईल असा उतार द्या. दुरुस्तीतलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं काम.

आता वाडा. धाब्याच्या घरात सागवानी तुळया, त्यावर आडवे वासे म्हणजे सरे, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर असतो. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी खारी माती पसरायची रीत असल्याने शंभर वर्षांत हा थर मूळच्या दुप्पट जाड झालेला आढळतो. नऊ इंच माती धरली तरी एका चौरस मीटरवर साडेतीनशे किलोच्या आसपास वजन होतं. दीड फूट साचली असेल तर त्याच्या दुप्पट. हा भार तुळया आजवर पेलत आल्या, म्हणून त्या कायम पेलतील असं नाही. तुळईचं जे टोक भिंतीत बसलेलं असतं तिथेच ती आधी कुजते, कारण तिथे ओल पोचते आणि वारा पोचत नाही. सुताराला घेऊन प्रत्येक टोकाशी टोचा मारून बघा, लाकडावर हातोडी वाजवून आवाज ऐका. टोक गेलं असेल तर अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेला भाग कापून जुन्याच सागाची जोड द्यायची आणि लोखंडी पात्यांनी आवळायची. खेडोपाडी मोडलेल्या घरांचं जुनं सागवान विकायला येतं, ते घ्या. नवं लाकूड ओलसर असतं, बसल्यावर पिळतं.

साचलेली माती हळूहळू उतरवून मूळच्या जाडीवर आणा. तिच्यावर सिमेंटचा कोबा किंवा स्लॅब टाकायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. वजन वाढतं, फटीतून शिरलेलं पाणी खाली मातीतच अडकतं आणि कुजण्याचा वेग वाढतो. गळती फारच असेल तर कठड्याच्या आत दिसणार नाही असा हलक्या सांगाड्यावरचा पत्रा मला चालतो. भिंतींनाही तेच लागू आहे. जुनी विटा-मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. मग ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचतात आणि दोन-चार वर्षांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊन गळतो. चुन्याचाच गिलावा करा. विझवलेला चुना निदान काही आठवडे पाण्यात मुरू द्या, त्यात वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी घाला. हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत काढा. उन्हाळ्यात चुना धरायच्या आधीच सुकतो आणि भुकटी होऊन पडतो. चुन्याचा हात असलेले गवंडी आता कमी उरलेत. चौकशी करून सापडेल तो म्हातारा गवंडी आणा आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन तरुण मुलं द्या, म्हणजे पुढच्या डागडुजीला माणूस घरचाच राहील.

एवढं करूनही वाड्यावर गर्दी चढवू नका. खालची ओसरी, देवघर, नवरीची खोली, मोठ्या माणसांना बसायला बैठक, इतकंच त्याचं काम. वरच्या मजल्यावर एका वेळी दहा-बारा माणसं, आणि धाब्यावर कुणीच नाही. वरातीत पोरं गच्चीवर चढून नाचतात, म्हणून धाब्याच्या जिन्याला कुलूप लावा आणि किल्ली घरच्या माणसाकडे ठेवा. ही अट करारात लिहा. गोठा लांब आणि हवेशीर असेल तर त्याचं जानवशाचं घर करा, वऱ्हाडाला टेकायला त्याहून चांगली जागा नाही. गव्हाणी काढू नका, त्यांच्यावर फळी टाकली की बसायची सोय होते.

विहिरीला साडेतीन-चार फुटांचा कठडा आणि वर लोखंडी जाळी, हे पहिलं लग्न घेण्याआधी झालंच पाहिजे. लग्नात लहान मुलं असतात, रात्र असते. थारोळ्याजवळ दिवे लावा, पण धावेकडून, म्हणजे मोटेचे बैल चालायच्या उतारावरून, कुणी काठापर्यंत जाणार नाही अशी आड घाला. विहीर कोरडी असेल तर वाड्याच्या धाब्यावरचं पावसाचं पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून तिच्यात सोडून पुनर्भरण करता येतं. सांडपाणी मात्र तिच्या आसपासही येऊ देऊ नका.

सांडपाण्यावर मी जरा जास्त बोलतो, कारण मळ्यावरचे बहुतेक बेत इथे फसतात आणि ते पहिल्या वर्षी कळत नाही. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. पहिल्या दोन-तीन समारंभांत पाणी मुरल्यासारखं वाटतं, मग माती फुगून बंद होते आणि खड्डा भरून पाणी वर येतं. सहाशे माणसांचं पाणी एकाच दिवसात येतं, म्हणून सेप्टिक टँक त्या एका दिवसाच्या मापाने मोठा लागतो. विहिरीपासून आणि ट्यूबवेलपासून तो ६०-७० फूट तरी लांब हवा. त्यातून निघालेलं पाणी मुरूम-गिट्टी भरलेल्या लांब चरातून न्या आणि चरावर कर्दळ आणि केळी लावा. केळ पाण्याला किती हावरट आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. भांड्यांच्या पाण्याला वेगळी वाट करा, आधी तेल-तुपाची टाकी आणि मग चर. बट्टी आणि पुरीच्या जेवणाचं तूप-तेल थेट चरात गेलं तर एका हंगामात चर बुजतो. बायकांचे संडास पुरुषांच्या दुप्पट ठेवा. पैठणी नेसलेल्या बाईला रांगेत उभं ठेवणं ही यजमानाला कमीपणा आणणारी गोष्ट आहे. एक-दोन ठिकाणी कमोड आणि उतार करा, आजी-आजोबांसाठी.

रस्ता आणि गाड्या. एका मोटारीला वळायच्या जागेसकट २५ चौरस मीटर लागतात. दोनशे मोटारी म्हणजे सव्वा एकर. ही जागा काळ्या रानात तशीच ठेवली आणि एक अवकाळी सर आली की वऱ्हाडाच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढाव्या लागतात. तेवढ्या जागेवर मुरूम टाका. तुमचा मळा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाला किंवा राज्य रस्त्याला लागून असेल तर फाटक उघडण्यासाठी त्या रस्त्याच्या खात्याची परवानगी लागते. शिवाररस्त्याने यायचं असेल तर तो रस्ता कागदावर किती फुटांचा आहे ते बघा आणि शेजाऱ्यांशी आधी बोला. हंगामात केळीचे ट्रक आणि वरात एकाच वाटेवर आले की वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. शेजाऱ्याने फवारणीचा दिवस तुमच्या लग्नाशी टाळावा असं वाटत असेल, तर तुम्हीही त्याच्या कापणीचा दिवस टाळा. दुसरं फाटक असायलाच हवं. आग लागली तर अग्निशमनाची गाडी आत आणि माणसं बाहेर, एकाच वाटेने जमत नाही. कडब्याच्या गंजी, पऱ्हाट्यांचे म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे ढीग समारंभाच्या जागेपासून लांब हलवा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून आचाऱ्याची भट्टी मांडवाच्या पूर्वेला ठेवा.

चिंचेवर किंवा वडावर आग्या मोहोळ आहे का ते दर समारंभाआधी बघा. धूर, फटाके, मोठा आवाज यांनी माश्या उठतात आणि मग पंगत पळते. मोहोळ जाळू नका. जाणकार माणसाकडून रात्री काढून घ्या, नाहीतर मांडव दुसऱ्या झाडाखाली न्या. झाडांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावू देऊ नका, सुतळीने बांधायला लावा. एप्रिल-मेमधल्या ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात मांडवही उडतो. मंडपवाल्याकडून लोखंडी खुंट्या खोल रोवून घ्या, वाऱ्याचा इशारा असेल तर कापड उतरवायची अट घाला आणि त्या दिवसापुरती गोठ्याची, ओसरीची जागा रिकामी ठेवा.

परवानग्या. सातबाऱ्यावर कोण कोण आहे ते आधी बघा. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे तुमच्या बहिणींची आणि आत्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय एक वीटही हलवू नका. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी अटींवर धारण केलेली), कुळकायद्याने मिळालेली किंवा इनामी असेल तर अटी वेगळ्या. नंदुरबार, शिरपूर, चोपड्याच्या सातपुडा बाजूला कुणी आदिवासी खातेदाराची जमीन भाड्याने घेऊन असं काही करायचं म्हणत असेल, तर जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६ अ वाचल्याशिवाय करारावर सही करू नये.

समारंभासाठी भाड्याने देणं हा बिगरशेती वापर आहे. त्यासाठी जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सध्या काय रीत आहे ते पाहून ती पूर्ण करा.  हे नियम अलीकडे वारंवार बदलतात, म्हणून तहसील कचेरीत ताजा आदेश मागून घ्या. अख्खे ११ एकर बिगरशेती करू नका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून समारंभाचे दोन-अडीच एकर वेगळे काढा, बाकीचं शेतच राहू द्या. पीककर्ज, शेतीची वीज, करातली सूट हे सगळं त्या शेतीशी बांधलेलं आहे, आणि लग्नाचं भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. मंगल कार्यालयाला जागेचे, रस्त्याच्या रुंदीचे, पार्किंगचे निकष २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत, ते नगररचना कार्यालयात लेखी विचारा. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घेणं चांगलं, पण ती नोंदणी म्हणजे मोठ्या लग्नांची परवानगी असा अर्थ काढू नका. जवळ चांगदेव, बळसाणे, पाटणादेवीसारखं केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. तुमच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा येणार नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

शेतीपंपाच्या जोडणीवर मांडवाचे दिवे लावायचे नाहीत. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. महावितरणकडून वेगळं व्यापारी मीटर घ्या. वाड्यातल्या लाकडावरून जुन्या वायरी जात असतील तर त्या सगळ्या काढून पाइपातून नव्या घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. मी तर म्हणतो डीजे घेऊच नका. मळ्याची शांतता विकत घ्यायला जे येतील ते सनई-संबळावर खूश असतात, आणि माती-विटांच्या जुन्या भिंतींना तो हादरा सोसवत नाही. अग्निशमनाचा दाखला, आचाऱ्याचा अन्नसुरक्षा परवाना, उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी, हे तुमचा सीए बघेल.

मग पैसा कुठून? तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच्या तिथी मोजक्याच असतात, आणि त्यातल्या निम्म्या कडक उन्हात. उन्हाळ्यात दुपारचा मुहूर्त नाकारा, गोरज घ्या, चिंचेखाली माठ आणि पन्हं ठेवा. पण खरी कमाई मला थंडीत दिसते. आपल्याकडे शेतावरच्या भरीत पार्टीला निमित्त लागत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत म्हणजे लाकडी उखळीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, पुऱ्या. शंभर-दीडशे माणसं, मांडव नाही, पाणी थोडं, सहा वाजता सुरू आणि साडेनऊला संपलं. वाडा, विहीर, शेत यांच्यावर काडीचा ताण नाही. साखरपुडे, हळदी, पंचाहत्तरी, जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे याच मापात बसतात. खापरावर मांडे करणाऱ्या बायका गावात असतील तर त्यांना मानाने बोलवा आणि तेवढाच चांगला मोबदला द्या. पाहुणे त्यांच्याभोवती उभे राहतात आणि पुढची पार्टी तिथेच ठरते. वांगी, तूर, केळीची पानं, मांडवाचे केळीचे खांब हे सगळं तुमच्याच रानातून येऊ द्या. शेत पिकतं ठेवायचं हे माझं म्हणणं अण्णांच्या समाधानासाठी नाही. मांडवामागे उभी केळी आणि गव्हाचं रान असल्यामुळेच लोक कार्यालय सोडून तुमच्याकडे येणार आहेत.

वाड्याचा इतिहास सांगताना मात्र खरंच सांगा. हल्ली कुठल्याही जुन्या घराला सरदाराचं नाव जोडतात. तुमच्या घरात जुनी दप्तरं असतील तर ती काढा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे कागदावर ‘जिल्हा खानदेश’ आहे की ‘पूर्व खानदेश’ यावरूनही काळ कळतो. मोडी कागद वाचणारा माणूस शोधा, फेरफार आणि फाळणी नकाशे काढा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात आपल्या कापसाला भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. वाडा त्या पैशातला असेल तर तीच गोष्ट पुरेशी मोठी आहे. बैठकीत दोन कागद फ्रेम करून लावा आणि सालदारांची, विहीर खोदणाऱ्यांची नावं कागदात सापडली तर तीही लावा.

क्रम असा ठेवा. येत्या मे महिन्यात पंप सलग चालवून पाणी किती उतरतं आणि किती तासांत पूर्ववत येतं ते मोजा. पावसाळ्यात वाड्यात गळती कुठे आहे त्यावर खडूने खुणा करा, त्याच काळात बहिणींशी बोलणं आणि कागद. दिवाळीनंतर तुळया आणि चुना. त्या हिवाळ्यात लग्न घेऊ नका, घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या भरीत पार्ट्याच घ्या, भाडं न घेता. अण्णांना दर वेळी बैठकीत बसवा. किती माणसं आली, टाकीतून किती पाणी गेलं, चर किती वेळात कोरडा झाला, गाड्या कुठे अडल्या, हे सगळं वहीत उतरवा. पुढच्या उन्हाळ्याच्या तिथी द्यायच्या का आणि किती माणसांच्या, ते त्या वहीवरून भावाने आणि अण्णांनी एकत्र बसून ठरवावं.